हलव्याचा काटा, मोहरीचा झणका

हलव्याला काटा यायला तीन गोष्टी लागतात: कोरडी थंडी, मंद आच आणि न कंटाळणारी बोटं. परातीत मूठभर तीळ किंवा खसखस, शेजारी वाटीत गाळून स्वच्छ केलेला साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे परातभर फिरवत राहायचं, सुकला की पुढचा चमचा. घाईने दोन चमचे एकदम ओतले की झालाच गोळा! पहिल्या बैठकीत दाणा नुसता पांढरा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधीतरी बोटांना खरखर लागते आणि दाण्यादाण्यावर बारीक टोकं दिसायला लागतात. पाकातलं पाणी उडून जातं, साखरेचे नवे स्फटिक आधीच्या स्फटिकांवर बसत जातात, तोच हा काटा. हवा दमट असली की पाक वेळेवर सुकत नाही आणि दाणे गुळगुळीत राहतात. संक्रांतीचा मुहूर्त हलव्याला किती नेमका साधतो, बघा. मग याच दाण्यांचे दागिने होतात: नव्या सुनेला हार, बाजूबंद, बिंदी, जावयाला हार आणि नारळ, बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी.

हलवा दुकानात पाकिटात मिळतो, ज्यांना सवड नाही त्यांनी तो खुशाल आणावा. पण आपण करत असलेलं काम आपल्याच डोळ्यांसमोर पुरं होताना दिसणं, हे सुख आजकाल फार कमी कामांत उरलंय. जुन्या घरकामांत आणि जुन्या खेळांत ते जागोजागी सापडतं. शिवाय त्यामागे शास्त्र आहे, गणित आहे, इतिहासही आहे. त्यातल्याच या काही गमती.

फोडणी गार होऊ दे!

फोडणीत तडतडलेली मोहरी कितीही खा, नाकात जात नाही. तीच मोहरी पाण्यात फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. असं का? मोहरीच्या दाण्यात तिखटपणाचा कच्चा माल एका कप्प्यात असतो आणि त्याचं तिखट करणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. दाणा फुटला, पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि झणका तयार होतो. उष्णतेने ते विकर मरतं, मग कसला झणका! लोणच्यावर गरम फोडणी ओतायला निघालेल्या सुनेला 'थांब, गार होऊ दे' असं सांगणाऱ्या सासूबाई म्हणूनच अगदी बरोबर होत्या. मोहरीची डाळ जिवंत राहायला हवी ना.

लोणच्याच्या बाकीच्या नियमांचंही तसंच. मीठ कैरीच्या फोडीतलं पाणी बाहेर खेचतं, त्याचा खार होतो. तेल वर तरंगतं आणि हवा आत येऊ देत नाही. ओला चमचा घातला की तिथे मीठ पातळ होतं आणि बुरशीला जागा मिळते. चिनी मातीच्या बरणीला आंबट-खारट काही करू शकत नाही, आणि तिच्या तोंडाला बांधलेला दादरा धूळ अडवतो. एका बरणीत रसायनशास्त्राचे चार धडे, आणि वर्षभर जेवणाला चव.

तीन दिवसांचा चीक

उन्हाळी वाळवणांत मला सगळ्यात कौतुक कुरडईचं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा वेगळा काढायचा आणि पाणी स्वस्थ ठेवायचं. पांढरं सत्त्व तळाशी बसतं. वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की राहतो तो चीक. तो शिजवताना ढवळणारीचे हात भरून येतात, आणि नेमकी त्याच वेळी घरातली पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी. गरम चीक, वर तेल-मीठ किंवा दूध-साखर! निम्मा चीक कुरडयांपर्यंत पोचतच नाही. उरलेला सोऱ्यातून पडतो, गच्चीवर वाळतो, आणि काठी घेतलेलं एक पोरगं दिवसभर कावळे हाकतं. वाळलेली कुरडई गरम तेलात फुलते ती आत उरलेल्या चिमूटभर ओलाव्याची वाफ होते म्हणून.

गच्चीवरून आठवलं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपयांचं, तेही उसनं. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. त्यातूनच पुढे 'लिज्जत' उभी राहिली. दुपारच्या वेळात, बोलत बोलत होणारं हे काम आपल्याला नीट येतं आणि त्याचे पैसे होऊ शकतात, एवढं त्या सातजणींना ठाऊक होतं.

एक नऊवारी, चार थर

गोधडीचं गणित सोपं आणि सुरेख आहे. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर. ते चार घड्यांत घातलं की दोन मीटर लांबीचे चार थर तयार, एका माणसाला पांघरायला पुरेसे. बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत आत यायचं. टाक्यांमुळे थर जागेवर राहतात, थरांमध्ये हवा अडकते, आणि ऊब खरी त्या हवेची असते. जुनंच सुती लुगडं का? शेकडो धुण्यांनी ते इतकं मऊ झालेलं असतं की नव्या कापडाला ते जमणारच नाही. तान्ह्या बाळाला आजीच्या लुगड्याचं दुपटं मिळतं त्यात माया आहेच, पण बाळाच्या कातडीचा विचारही आहे.

वातींचं गणित मात्र दमवणारं. लक्ष वातींचं व्रत करणारी बाई रोज शंभर वाती वळत असेल, तर एक लाख व्हायला एक हजार दिवस लागतात, म्हणजे पावणेतीन वर्षं! तरी हात थांबत नाहीत. गप्पा चालू, कीर्तन चालू, आणि कापसाची फुलवात आपोआप वळली जातेय.

लोणी, थंडी आणि कथील

लोणी निघत नसेल तर उन्हाळ्यात गार पाणी घालायचं, हिवाळ्यात कोमट. स्निग्धाचे कण फार मऊ झाले तर माखतात, फार कडक झाले तर एकमेकांना चिकटत नाहीत. मधल्या बेताला आले की रवीभोवती गोळा होतात. आजीने थर्मामीटर कधी पाहिलाही नसेल. रवीच्या आवाजावरून तिला कळायचं.

आणि कल्हई! पितळी पातेलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठतो. कथलाची कांडी टेकवली की ती वितळते (२३२ अंश सेल्सिअसला कथील पातळ होतं), आणि कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की पिवळं पातेलं आतून चंदेरी. गल्लीतली सगळी मुलं हे बघायला जमायची. आता पितळेची भांडी पुन्हा घरात येऊ लागली आहेत, तर जवळचा कल्हईवाला शोधून ठेवा. चिंच, ताक, टोमॅटो कल्हई नसलेल्या पितळेत ठेवणं बरं नाही.

जात्यावर एक लाख ओव्या

इथे जरा थांबायला हवं. पहाटे उठून जातं ओढणं हे कष्टाचं काम होतं, आणि गिरणी आली हे फार चांगलं झालं. कुणाही बाईवर ते परत येऊ नये. पण त्या कष्टांतून बायकांनी जे निर्माण केलं त्याला तोड नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, विठ्ठल आणि सासुरवासाबरोबरच बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. समोरासमोर बसून एकच खुंटा ओढणाऱ्या दोघी जणी, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने सूर धरायचा. तिथे ऐकायला तिसरं कुणी नसायचं, म्हणून मनातलं सगळं ओठांवर यायचं.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) त्याच परंपरेतल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलाने आणि नात्यातल्या मंडळींनी उतरवून घेतली, म्हणून राहिली. ती पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

वज्री पाहिलीत का?

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकंच, किंबहुना जास्तच, प्रेम त्यांनी घरातल्या वस्तूंवर केलं: अडकित्ते, दिवे, विळ्या, शेवया पाडायची साधनं. आणि वज्री, म्हणजे टाच घासायचं साधन. तिच्या मुठीवर कारागिराने मोर बसवलाय! न्हाणीघरात, कुणी बघणार नाही अशा जागी वापरायची वस्तूही सुंदर असावी असं ज्या समाजाला वाटत होतं, त्या समाजाबद्दल मला खूप आदर वाटतो. पुण्यात गेलात तर अडकित्त्यांच्या दालनाला सवडीने वेळ द्या.

दोन पडायलाच हवेत

आता खेळ. चल्लस-आठ म्हणा, चौकाबारा म्हणा, गावागणिक नाव बदलतं. चार चिंचोके फोडून प्रत्येकाची एकेक डाळिंबी घेतली की फासे तयार: एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जितक्या पांढऱ्या तितकं दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही तपकिरी पडल्या तर आठ. एकूण शक्यता सोळा. त्यांतल्या सहा वेळा दोन पडतात, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चार किंवा आठ फक्त एकेकदा. म्हणून आठ पडलं की घर डोक्यावर घेतलं जातं. सोंगटी दोन घरं मागे ठेवून दबा धरणारी मावशी शक्यतेचं शास्त्रच वापरत असते.

सागरगोट्यांची गंमत आणखी वेगळी. हे राखाडी बी इतकं टणक की पाण्यात तरंगत समुद्रापार किनाऱ्याला लागतं आणि तरी रुजायचं थांबत नाही. फरशीवर दहा-पंधरा वेळा घासून शेजारणीच्या दंडाला लावलं की चटका! हा उद्योग न केलेलं मूल कोकणात सापडणं कठीण.

पत्त्यांचे शौकीन असाल तर सावंतवाडीचा गंजिफा हातात घेऊन पाहा. पत्ते गोल, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी, म्हणजे एकूण १२० पत्ते. बाबराने १५२७ साली गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची ही कला विझत चालली होती. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. आजही तिथे पत्ता रंगवताना बघता येतो. आपली सापशिडी मूळची मोक्षपट. परंपरा तिचा धागा ज्ञानेश्वरांपर्यंत नेते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. १८९०च्या दशकात ती इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली.

वाटी, चमचा आणि रेडिओ

लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. हजार पाकक्रिया एका पुस्तकात. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची, आणि तिने मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवला. लग्नानंतरचं नवं घर आणि हातात 'रुचिरा', एवढ्यावर परदेशी गेलेल्या किती जणींनी पुरणपोळी जमवली असेल! १९७३ मध्ये 'कालनिर्णय' आलं आणि तिथीच्या पाठीमागे पाककृती आली.

हात कामात असताना कान मोकळेच असतात. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभराहून थोडा जास्त काळ, दर आठवड्याला एक याप्रमाणे, 'गीतरामायणा'ची ५६ गाणी ऐकवली गेली. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. रेडिओला हार घालून ऐकणारी घरं होती, आणि त्या वेळात निवडून झालेले तांदूळ अगदी स्वच्छ असणार याची मला खात्री आहे.

डबा हलवा आणि ओळखा

हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला जातो, अमेरिकेतल्या मराठी मंडळांतही. पण सगळ्यांचा जीव खिरापतीत. झाकलेला डबा यजमानीण कानापाशी हलवते आणि बाकीच्यांनी ओळखायचं. आधी विचारायचं, गोड की तिखट? खुळखुळलं तर शेंगदाणे, डाळं, चिवडा. धप्प आवाज आला तर वडी. काहीच आवाज नाही? मग शिरा, नाहीतर साटोरी. यजमानीण हुशार असेल तर डब्यात खाली रुमाल घालते, आणि ढोकळ्यापासून सुरू झालेली यादी खांडवीपर्यंत जाते तरी कुणाला जमत नाही. तिची खिरापत कुणालाच ओळखता आली नाही, तर त्या दिवशी भोंडला तिने जिंकला!