शेप-वनचा पहिला 'एस'

फौजेत जवानाची तब्येत 'शेप' या पाच अक्षरांत मोजतात. पहिला 'एस' मनाचा. मग कान, हातपाय, शरीर, डोळे. सगळीकडे एक नंबर पडला की जवान 'शेप-वन'. कॅटेगरी घसरली की प्रमोशन अडकतं. त्या भीतीने पोरं गुडघेदुखीसुद्धा लपवतात, मनाचं तर विचारूच नका.

आमच्या ह्यांनीही लपवलं. काश्मीरमध्ये कुपवाड्यात आरआरला (राष्ट्रीय रायफल्स) असताना गस्तीवर जोडीदार सुरुंगात गेला. हे हवालदार होऊन पेन्शनवर आले, अंगावर ओरखडा नाही. पण दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. वरातीत ॲटमबॉम्ब वाजला की गोठ्यात जाऊन उभे. रात्री दचकून उठायचे, बनियन घामाने चिंब. कॅन्टीनची रम आधी रविवारी, मग रोज. धाकटी बारावीला पहिली आली तेव्हा नुसतं 'बरं' म्हणाले. दारूपेक्षा ते मला जास्त लागलं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं असेल, गाणगापूरला जाऊन या. गेलो. दत्ताचं दर्शन झालं, ह्यांची झोप काही परत आली नाही.

पुढे डॉक्टरांनी समजावलं. जिवावरचा प्रसंग टळला तरी मेंदू धोका टळलाय हे मानत नाही. नको ती आठवण येते, माणूस ती टाळत राहतो, कशात जीव रमत नाही, सतत सावध. महिन्याहून जास्त हे चाललं, संसार-काम बिघडलं, की त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. जोडीला अनेकदा नैराश्य आणि दारूही येतात. हे नाव १९८० चं, दुखणं जुनं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने सैनिकांच्या 'शेल शॉक'वर लिहिलं, त्याच वर्षअखेर मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात सापडल्या होत्या. त्यातून जे गावी परतले, त्यांना रात्री काय दिसायचं हे कोणी विचारलं असेल?

ह्यांना गोळ्या दिल्या, पण खरं काम केलं बोलण्याने. समुपदेशक बाई तोच दिवस पुन्हा पुन्हा, बेताबेताने सांगायला लावायच्या. पहिल्यांदा तर बाहेर येऊन ओकले. आता दारू सुटलीय, नातवाला घेऊन यात्रेत जातात. दिवाळीत खिडक्या मात्र अजून लावूनच घेतो.

फौजीच्या घरच्यांनो, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचाराचं रेफरल स्वतःहून मागा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जवानांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) आहे. पेन्शन झाल्यावर कॅटेगरी कोणी विचारत नाही. फोन लावा.