डाव्या हातात कंट्रोलर, उजव्या हातात माऊस: ही जोडी पीसीवर जमते का?

'कीबोर्ड-माऊस भारी की कंट्रोलर भारी?' गेम खेळणाऱ्या मित्रांमध्ये हा विषय काढून बघा, चहा थंड होईपर्यंत भांडण चालतं. पण या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दोन्ही हातांना एकाच गटातलं साधन हवं. का बरं? गेममध्ये दोन हातांची कामं वेगळी असतात. डावा हात पात्राला चालवतो, उजवा नेम धरतो. मग डाव्या हाताला कंट्रोलरची स्टिक आणि उजव्या हाताला माऊस दिला तर?

गेली दोनेक वर्षं एकट्याने खेळायचे बरेचसे गेम मी असेच खेळतोय. जमतं, पण सगळीकडे नाही. जिथे अडतं तिथे हार्डवेअर नव्हे, गेमचं सॉफ्टवेअर अडवतं. ते कसं, हे आधी समजून घेतलं तर सेटिंग्जमध्ये जाणारा तुमचा एक अख्खा शनिवार वाचेल.

माऊस 'किती' सांगतो, स्टिक 'किती वेगाने' सांगते

माऊस थोडासा सरकवला की कॅमेरा ठराविक अंशांत फिरतो. हात थांबला की कॅमेराही थांबतो. स्टिकचं तसं नाही. उजवी स्टिक थोडी ढकलून धरली तर कॅमेरा हळूहळू फिरतच राहतो, पूर्ण ढकलली तर भराभर फिरतो. शत्रूच्या डोक्यावर नेम थांबवायचा असेल तर बरोबर त्या क्षणी स्टिक सोडावी लागते. म्हणूनच कंट्रोलरवाल्यांना गेम 'एम असिस्ट' देतात, म्हणजे नेम धरायला थोडा हातभार लावतात. ती मेहेरबानी नाही, गरज आहे.

आता चालण्याचा विचार करा. चालताना आपल्याला वेगच तर सांगायचा असतो! दबकत, सावकाश, पळत, तेही हव्या त्या दिशेने. इथे स्टिक चपखल बसते आणि कीबोर्ड तोकडा पडतो. डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांमधून दिशा मिळतात आठ, दर ४५ अंशांनी एक. वेग मात्र शून्य किंवा पूर्ण. याउलट विंडोजच्या एक्सइनपुटमध्ये स्टिकच्या प्रत्येक अक्षावर -३२७६८ ते ३२७६७ इतक्या पायऱ्या असतात. (एवढ्या सगळ्या आपल्या अंगठ्याला कळत नाहीत हे खरं, पण दहा-बारा जरी कळल्या तरी दोनपेक्षा जास्तच की.)

ही अडचण गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. २००२ चा 'स्प्लिंटर सेल' आठवतो? सगळा खेळ आवाज न करता चालण्याचा. कीबोर्डवर हळू-जोरात चालणं कसं द्यायचं, म्हणून पीसीवर त्यांनी चालण्याचा वेग चक्क माऊसच्या व्हीलवर ठेवला. भन्नाट जुगाड होता, पण शेवटी जुगाडच.

आणि डब्ल्यू-ए-एस-डी हा काही आकाशातून पडलेला नियम नाही. 'क्वेक'च्या काळात डेनिस फाँग, म्हणजे 'थ्रेश', या खेळाडूमुळे ही मांडणी लोकप्रिय झाली. १९९७ मध्ये त्याने स्पर्धा जिंकून जॉन कार्मॅकची फेरारी बक्षीस म्हणून नेली. फेरारी जिंकणाऱ्याची बोटं जिथे, तिथे आपलीही!

हाताचा प्रश्न

माझ्यासारख्यांचं दिवसातले आठ-नऊ तास टायपिंग होतं. रात्री गेम सुरू केला की तोच डावा हात, तोच कीबोर्ड, आणि करंगळी पुन्हा शिफ्ट नाहीतर कंट्रोलवर ताणलेली. मी डॉक्टर नाही. हात सतत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, गॅजेट नंतर. पण दिवसभर एकाच पद्धतीने वापरलेला हात रात्री वेगळ्या पद्धतीने वापरता आला तर मला तरी बरं वाटतं.

हा उद्योग मी खरा गंभीरपणे घेतला तो आतेभावामुळे. बाईकवरून पडून त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका जायबंदी झाली. बोटं वाचली, पण पूर्ण वाकत नाहीत. डब्ल्यू-ए-एस-डीमध्ये 'ए' अनामिकेकडे आणि शिफ्ट करंगळीकडे असते, म्हणजे डावीकडे जाणंही बंद आणि पळणंही बंद. कंट्रोलरच्या डाव्या बाजूचा हिशोब बघा: स्टिकवर अंगठा, वरच्या एल-१ वर तर्जनी, हवं तर एल-२ वर मधलं बोट. उरलेली दोन बोटं नुसती मुठीला टेकलेली. त्याला जी बोटं हवी होती, नेमकी तीच चालू होती. उजवा हात धडधाकट, त्यामुळे माऊसला काही प्रश्नच नव्हता.

कंट्रोलर नवीन घेतला नाही. घरात एक जुना पडला होता, उजव्या स्टिकला ड्रिफ्ट आलेला, म्हणजे हात न लावता कॅमेरा आपोआप सरकायचा. स्टिकच्या आतला पोटेन्शिओमीटर झिजला की असं होतं. आपल्याला उजवी स्टिक लागतच नाही! फक्त ती सॉफ्टवेअरमधून बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचा गोंधळ दुप्पट होईल.

गेम कुठे गडबडतो

बऱ्याच गेममध्ये असा विचार असतो: शेवटचा सिग्नल माऊसचा आला ना, मग हा कीबोर्ड-माऊसवाला. स्टिक हलली? मग कंट्रोलरवाला. दोघं एकदम वापरणारा माणूस त्या कोडच्या कल्पनेतच नसतो. तुम्ही पळता पळता नेम धरता तेव्हा गेम सेकंदात अनेकदा 'हा कोण?' असा निर्णय बदलत बसतो.

सौम्य प्रकारात फक्त स्क्रीनवरची बटणांची चित्रं लुकलुकतात, 'ई दाबा', 'एक्स दाबा', पुन्हा 'ई दाबा'. डोळ्यांना त्रास होतो, पण खेळता येतं. वाईट प्रकारात मोड बदलताना गेम दुसऱ्या साधनाचा सिग्नल टाकून देतो आणि पात्र आचके देत चालतं. एक सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, चित्रं कोणती दाखवायची आणि इनपुट कोणतं घ्यायचं हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते एकाच व्हेरिएबलला बांधले की हे असं होतं. वाल्व डेव्हलपरांना दोन्ही इनपुट एकाच वेळी स्वीकारा असंच सांगते. त्यांचा स्वार्थही आहे त्यात. २०१५ चा स्टीम कंट्रोलर काय किंवा २०२२ चा स्टीम डेक काय, दोघांवर लोक डाव्या हाताने स्टिक नाहीतर पॅड वापरतात आणि उजवीकडचा ट्रॅकपॅड माऊससारखा. दुखणं तेच.

स्टीम इनपुटमध्ये काय करायचं

आधी सरळ मार्ग. डावी स्टिक जॉयस्टिक म्हणूनच ठेवा, उजवी बंद करा, खरा माऊस हातात घ्या आणि गेम सुरू करा. चाललं तर प्रश्नच मिटला, चालण्याचा पूर्ण चढउतार मिळतो.

आचके बसले तर दुसरा मार्ग: डाव्या स्टिकचा प्रकार बदलून 'डायरेक्शनल पॅड' करा आणि चार दिशांना डब्ल्यू-ए-एस-डी द्या. आता गेमला वाटतं की समोर कीबोर्डच आहे. लुकलुक बंद, आचके बंद. अर्थात स्टिकचा मूळ फायदा, म्हणजे वेग, इथे जातो. थोडा परत मिळवता येतो. 'आउटर रिंग कमांड' नावाचं सेटिंग आहे, त्यात स्टिक कडेपर्यंत ढकलली की एक बटण दाबलं जातं. तिथे शिफ्ट द्या. अर्धी ढकलली तर चालणं, पूर्ण ढकलली तर पळणं. आतेभावाची गाडी याच सेटिंगवर चालते आणि त्याची तक्रार नाही.

डेडझोनही बघा. मधल्या किती हालचालीकडे दुर्लक्ष करायचं, ते त्यावर ठरतं. मायक्रोसॉफ्टने डाव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा ७८४९ आहे, म्हणजे जवळपास २४ टक्के. स्टिक चांगली असेल तर मी तो बराच कमी करतो.

एक मार्ग मात्र टाळा: माऊसला उजवी स्टिक बनवणं. 'किती' सांगणाऱ्या साधनाकडून 'किती वेगाने' वदवून घ्यायचं म्हणजे नेम चिखलात रुतल्यासारखा वाटतो. शिवाय ऑनलाइन गेममध्ये माऊस वापरून कंट्रोलरचा एम असिस्ट लाटणं ही सरळसरळ चीटिंग आहे.

बटणांची वाटणी ज्याची त्याने करावी. एकच लक्षात ठेवा, डी-पॅड आणि स्टिक दोन्ही अंगठ्याचीच, त्यामुळे पळताना लागणारं काहीही डी-पॅडवर ठेवू नका. मी उडी एल-१ वर ठेवतो, रीलोड आणि 'वापरा' माऊसच्या बाजूच्या दोन बटणांवर.

नवीन काही घ्यायचं असेल तर

पूर्ण कंट्रोलर एका हातात उजवीकडे झुकतो, मांडीवर उशी घेऊन त्यावर टेकवा. निन्टेन्डोचा डावा जॉय-कॉन यासाठी छान, वजन साधारण ५० ग्रॅम, ब्लूटूथने पीसीला जोडता येतो. मात्र एकटा जॉय-कॉन आडवा धरलाय असं सॉफ्टवेअर बहुतेकदा समजतं आणि पुढे ढकललं की पात्र बाजूला पळतं. स्टिकचं रोटेशन ९० अंशांनी फिरवा. लॅटव्हियातल्या अझेरॉनचे कीपॅड खास डाव्या हातासाठी आहेत, अंगठ्याला स्टिक आणि प्रत्येक बोटाला बटणं. बाहेरून मागवावे लागतात, महाग पडतात. रेझर टार्टारस घेताना अंगठ्याकडचा तो पॅड आठ दिशांचाच आहे, खरी स्टिक नव्हे, हे बघून घ्या.

'काउंटर-स्ट्राइक'सारख्या गेममध्ये यातलं काही नको. तिथे डावीकडून झटकन उजवीकडे दाबून जागीच थांबावं लागतं आणि स्टिकला मध्यातून प्रवास करावा लागतो, तेवढ्यात गोळी लागते. 'व्हॅलोरंट' तर पीसीवर कंट्रोलर घेतच नाही.

खरेदीआधी कुणाचाही कंट्रोलर तासभर उसना आणा. तुमचा गेम लावा, डावी स्टिक पुढे ढकलून धरा आणि माऊस गोल गोल फिरवत राहा. पात्र एकसारखं पळत राहिलं तर पैसे काढा. अडखळलं तर दुसरा मार्ग करून बघा, आणि तोही हाताला पटला नाही तर कंट्रोलर ज्याचा त्याला परत द्या.