हवेची मोजदाद

मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ साली कायदा झाला, त्या काळी हवा कितपत बिघडली आहे हे ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे माणसाचा डोळा. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांच्या कमीअधिक दाट जाळ्या काढून धुराच्या काळेपणाच्या पायऱ्या ठरविल्या होत्या. हा तक्ता काही अंतरावर उभा करावयाचा आणि धुराड्यातून निघणारा धूर त्यातील कोणत्या चौकटीशी जुळतो हे पाहून क्रमांक टिपावयाचा, अशी ती रीत. रीत ओबडधोबड खरी. परंतु ‘धूर फार होतो’ या तोंडी तक्रारीला दप्तरात नोंदता येईल असे रूप तिने दिले, आणि नोंद झाल्यावाचून कोणत्याही गाऱ्हाण्याची दाद लागत नाही, हे हवेच्या बाबतीत तर विशेषच खरे आहे.

मात्र जे सर्वांत घातक ते डोळ्याला दिसतच नाही. गंधकाचा डायऑक्साइड रंगहीन असतो. आणि ज्या कणांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा, ते फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत विनासायास पोहोचतात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे धुरकट धुके ठाण मांडून बसले, त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा तत्कालीन अंदाज होता. त्या दिवसांतील धूर आणि गंधकाचा वायू यांच्या दैनंदिन मोजणीचे आकडे मृत्यूंच्या आकड्यांशेजारी मांडले गेले, दोन्ही एकदमच चढलेले दिसले, आणि चारच वर्षांत, १९५६ साली, ब्रिटिश पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा संमत केला. ते आकडे नसते, तर कडाक्याच्या थंडीवर दोष ढकलून सारे मोकळे झाले असते.

आपल्याकडे या कामाचा पाया घालण्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. १९५८ मध्ये तेथे स्थापन झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी संस्था देशातील मोठ्या शहरांची हवा तपासू लागली. पुढे १९८१ मध्ये हवाप्रदूषणाचा केंद्रीय कायदा झाला, आणि १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशव्यापी मापनाचे जाळे विणावयास घेतले.

या मापनाची प्रत्यक्ष कृती जवळून पाहिल्यावाचून त्यातील कष्टांची कल्पना येत नाही. एखाद्या शाळेच्या वा सरकारी कचेरीच्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीसारखे दिसणारे ‘हाय व्हॉल्यूम सॅम्पलर’ हे यंत्र घरघरत असते. काचेच्या तंतूंचा, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा असा पांढरा फिल्टर पेपर ठरावीक आर्द्रतेत चोवीस तास ठेवून प्रथम तोलला जातो, मग यंत्रात बसविला जातो, आणि मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर या वेगाने यंत्र त्यातून हवा ओढू लागते. आठ तासांच्या पाळीनंतर कागद काढून पुन्हा चोवीस तास तसाच ठेवावयाचा आणि पुन्हा तोलावयाचा. एवढ्या वेळात त्यातून ५२८ घनमीटर हवा गेलेली असते. तिच्यात दर घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर कागदाचे वजन वाढते ते जेमतेम ५३ मिलिग्रॅमने. अतिसूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, वापरावयाची चकती तर अवघ्या ४७ मिलिमीटर व्यासाची असते. दिवसभरात तिच्यातून २४ घनमीटर हवा जाते, आणि हवा आपल्या मानकाच्या ऐन सीमेवर, म्हणजे ६० मायक्रोग्रॅमवर असली, तर त्या चकतीवर साठणारा ऐवज दीड मिलिग्रॅमही भरत नाही. बोटाचा ओलसर स्पर्शसुद्धा हा हिशेब बिघडवू शकतो, म्हणून चकती चिमट्यानेच उचलावी लागते. मधेच वीज गेली की पाळीचे गणित कोलमडते. गंधकाचा वायू एका द्रावणात शोषून घेतात, त्यात रसायने मिसळली की जांभळट गुलाबी रंग उमटतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून वायूचे प्रमाण काढतात. हे सारे आठवड्यातून दोन दिवस, वर्षातून १०४ दिवस करावयाचे असते. ज्या तंत्रज्ञांच्या हातून हे घडते त्यांची नावे कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर येत नाहीत, परंतु अहवालाची सारी प्रतिष्ठा त्यांच्या हातांच्या स्वच्छतेवर अवलंबून असते.

आता मोठ्या शहरांत स्वयंचलित केंद्रे आली आहेत. त्यांत कागदी फीत हळूहळू सरकते, तिच्यावर जमलेल्या धुळीमुळे बीटा किरण किती अडले हे यंत्र मोजते आणि तासातासाला आकडा देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ या प्रणालीद्वारे २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आजच्या मोजणीला उद्याच्या अंदाजाची जोड दिली. बाजारात स्वस्त संवेदकही पुष्कळ मिळतात; पण ते धुळीवरून विखुरणाऱ्या प्रकाशावर चालतात आणि दमट हवेत पाणी शोषून फुगलेल्या कणांमुळे आकडा वाढवून सांगतात. कोकणपट्टीत त्यांचा उपयोग करावयाचा तर प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून त्यांची पारख करून घेणे अगत्याचे आहे.

२०१५ पासून या सर्व मोजमापांचे सार हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या रूपाने लोकांपुढे ठेवले जाते. तो निघतो कसा, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. धूलिकण, गंधक व नायट्रोजन यांचे डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसे अशा घटकांचा उपनिर्देशांक वेगवेगळा काढतात आणि त्यांतील सर्वांत वाईट जो, तोच त्या ठिकाणचा निर्देशांक मानतात. किमान तीन घटकांचे आकडे हवेत आणि त्यांत धूलिकणांचा एक तरी असलाच पाहिजे, असा दंडक आहे. ही पद्धत मला उचित वाटते, कारण एका विषाची तीव्रता दुसऱ्याच्या अभावाने झाकली जात नाही. परंतु निर्देशांक २०० होईपर्यंत ज्यांना काळजीचे कारण वाटत नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की पीएम २.५ मुळे २०० चा आकडा येतो तेव्हा हवेत त्या कणांचे प्रमाण ९० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे २००९ साली आपणच ठरविलेल्या २४ तासांच्या मर्यादेच्या दीडपट, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेल्या १५ या मर्यादेच्या सहापट.

याहूनही गंभीर प्रश्न केंद्र कोठे उभे आहे हा आहे. यंत्राचे तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर असावे, झाडांपासून व भिंतींपासून दूर असावे, चारांपैकी निदान तीन दिशांनी वारा मोकळा यावा, असे नियम आहेत. त्यांचा हेतू स्थळास्थळांची तुलना प्रामाणिक व्हावी हा आहे. उद्यानातील केंद्राचा आकडा नाक्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या फुप्फुसाची हकिकत सांगत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातील सुमारे १३० शहरे आहेत आणि त्यांत महाराष्ट्राची १९: मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्या जोडीला जालना, लातूर, सांगली, अकोलासुद्धा. पण ज्या गावांत केंद्रच नाही, ती यादीत येणार तरी कशी? तोडणीनंतर उसाचे पाचट पेटविणारी शिवारे, नदीकाठच्या वीटभट्ट्या, बंद खोपटातील चूल यांचा धूर बहुधा कोणत्याच तक्त्यात उतरत नाही. उपग्रहाची नजर तेथवर पोहोचते, हे खरे. परंतु तो जमिनीपासून आकाशापर्यंतच्या सबंध थराची धूळ एकत्र पाहतो आणि पावसाळ्यात ढगांनी आंधळा होतो. नाकाच्या उंचीवरची हवा मोजावयास जमिनीवरच यंत्र लागते, आणि ते लहान गावांना देण्याची तजवीज झाली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

केंद्राच्या जागेइतकाच मोजणीच्या वेळेचाही प्रश्न आहे. २०२३ च्या दिवाळीत मुंबई उच्च न्यायालयाने, शहराच्या हवेची दखल स्वतःहून घेऊन, फटाक्यांची वेळ रात्री आठ ते दहा अशी मर्यादित केली होती. पण फटाक्यांच्या रात्रीचा धूर केंद्रीय मंडळाच्या दैनंदिन पत्रकात लगेच दिसत नसतो, कारण ते दुपारी चार वाजता मागील २४ तासांच्या सरासरीवर निघते; लक्ष्मीपूजनाच्या रात्री जे जळते त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी दुपारी लागतो, आणि तोही सरासरीत विरघळलेला. म्हणून वाचकांना विनंती अशी की, केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ या अॅपवर निर्देशांकाचा नुसता रंग पाहून थांबू नका. आपल्या जवळच्या केंद्राचे तासागणिक आकडे आणि त्यातला मुख्य घटक पाहा. आणि तुमच्या गावात केंद्र नसेल, तर नगरपालिकेला व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला तशी लेखी मागणी अवश्य पाठवा.