पानामातीचा सरंजाम

लहान मुलांना खेळणे देण्याच्या बाबतीत आपल्या घरांतून असा एक शिरस्ता पडून गेला आहे की, वस्तू जितकी पूर्ण, जितकी रंगीत आणि जितकी महाग, तितकी मुलावरील माया अधिक मानावी. परंतु पूर्ण वस्तूपाशी मुलाला करण्यासारखे काही उरत नाही, आणि ज्या वयात हात अखंड काही घडवू, मोडू, जोडू पाहतात त्या वयात त्यांना केवळ कळ दाबण्याचे काम नेमून देणे हा त्या हातांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पान, काडी, बी, शिंपला, माती हे जिन्नस अपुरे असतात, म्हणूनच ते मुलाला कामाला लावतात.

महाराष्ट्रात हे तत्त्व प्रत्यक्ष आचरणात आणून दाखविले ते ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. तरीही १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी खेड्यातील मुलांसाठी बालवाडी काढताना, मोजूनमापून घडविलेली ती महागडी साधने येथे परवडणार नाहीत हे ओळखून, त्यांनी शिंपले, खडे, पाने, फुले आणि बिया यांनाच साधनांचा दर्जा दिला. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले तेव्हा आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी हाच सरंजाम पुरेसा ठरला. दारिद्र्यामुळे पत्करलेली ही तडजोड होती असे कोणी समजू नये. सुखवस्तू घरातील मुलालाही याहून चांगले साधन बाजारात मिळत नाही.

कोकणात तर हा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही हुकुमावाचून चालत आला आहे. माडाच्या झावळीची पाती हिरापासून सोडवून तिची पुंगी वळावी, दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून काट्यावर भिंगरी बसवावी, आणि आषाढात उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय सापडली की तिचे टरफल काढून आतली दले एका अंगाने दगडावर घासून वाजवावी, हे शिकविण्यास कोणी गुरुजी लागत नाहीत. पुण्यात ज्यांच्या दारी बुचाचे झाड आहे त्यांच्या मुलींना सुईदोऱ्याचीही गरज पडत नाही, कारण त्या फुलांचे लांब देठच एकमेकांत गुंफून वेणी होते.

या सर्वांत मला अधिक प्रिय आहे ते पिंपळाचे जाळीदार पान, कारण त्यात मुलाला केवळ कौशल्य नव्हे तर कालावधीही शिकावा लागतो. पूर्ण वाढलेले, कीड न लागलेले पान पाण्यात बुडवून वर खडा ठेवावा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे, आणि भांडे घराबाहेर ओटीवर असू द्यावे, कारण त्यास दुर्गंधी येते. पाण्यातील सूक्ष्म जीव पानातील मऊ गर हळूहळू कुजवितात, परंतु शिरांत काष्ठद्रव्य असल्याने त्या लवकर कुजत नाहीत; म्हणून तीन-चार आठवड्यांनी ताटलीतल्या पाण्यात ठेवून मऊ कुंचल्याने हलकेच पुसले असता गर निघून जातो आणि जाळी तेवढी राहते. ती टिपकागदात घालून जड पुस्तकाखाली वाळवावी. कॉस्टिक सोड्यात पान उकळून हेच काम लवकर उरकण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती मुलांच्या आसपासही आणू नये. मधल्या शिरेपासून फुटलेल्या उपशिरा पानाच्या कडेजवळ येऊन एकमेकींना कशा जाऊन मिळतात, हे ज्या मुलाने स्वतःच्या कुंचल्याखाली उघडे होताना पाहिले, त्याला पुढे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील आकृती परकी वाटणार नाही.

रंगांचेही तसेच. गोकर्णाची निळी फुले कोमट पाण्यात चुरून त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की पाणी जांभळट गुलाबी होते, आणि हळदीला चुना लागला की ती लाल होते. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा. ही रंगपाण्याची वाटी कागदावर रिती करून मूल जे काही काढील, ते काय आहे असे विचारण्याची घाई करू नये.

मातीचा बैल करताना मुलांची निराशा होते ती बहुधा तडे जाण्यामुळे. काळी माती वाळताना फार आकसते, म्हणून तीत बारीक भुसा मळावा. शिंग वा पाय जोडताना दोन्ही पृष्ठभाग काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल लावावा, आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत सुकवावा. एवढे सांगून पालकाने हात मागे घ्यावा. पाय वाकडा झाला तर बैल कोसळेल, आणि मूल तो पुन्हा उभा करील. वडिलांनी सरळ करून दिलेला पाय हा वडिलांचा पाय होय.

काही गोष्टींना मात्र निःसंशय मनाई असावी. गुंजेचे लाल-काळे बी मोहक असले तरी अत्यंत विषारी आहे, विशेषतः ते चावले वा टोचून फोडले गेले तर प्राणावर बेतू शकते. कण्हेर, पिवळी बिट्टी आणि एरंड यांच्या बियाही तशाच त्याज्य समजाव्यात. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोकेसुद्धा देऊ नयेत, कारण ते नाकात किंवा घशात जाण्यास वेळ लागत नाही.

राहता राहिला दिवाळीचा किल्ला. विटा, दगड, चिखलात भिजविलेले गोणपाट आणि आठवडाभराचा मुबलक वेळ, एवढ्यावर आपल्या मुलांनी वर्षानुवर्षे दुर्ग उभे केले. आता बाजारात रंगविलेले तयार किल्ले मिळू लागले आहेत, आणि ते घरी आणण्यात मुलांचे केवढे नुकसान आहे याचा हिशेब पालक करीत नाहीत. उतारावर पाणी कोठून ओघळते, बुरूज कशाने ढासळतो, तट किती रुंद हवा, हे प्रश्न मातीच विचारते. हिरवळीसाठी मोहरी चालते, परंतु उभ्या कड्यावर अळीवच उत्तम, कारण भिजताच त्याच्या दाण्याभोवती चिकट आवरण तयार होते आणि तो घसरत नाही. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसावयास हवा असेल तर बी त्यापूर्वी पाच-सहा दिवस पेरलेले असले पाहिजे. तरी माती, गोणपाट आणि मूठभर अळीव यांची तजवीज वाचकांनी वेळीच करावी, आणि महादरवाजा कोणत्या दिशेला असावा हा निर्णय मुलांकडेच ठेवावा.