खुर्चीपुढच्या पायऱ्या

‘चंदू चॅम्पियन’ २०२४ मध्ये झळकला आणि मुरलीकांत पेटकर हे नाव घरोघरी पोचलं. सांगली जिल्ह्यातला हा जवान लष्करात बॉक्सिंग करायचा. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचं अंग गेलं. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात व्यायाम म्हणून पोहणं सुरू झालं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

अशा गोष्टीला ‘जिद्द’ म्हटलं की आपण मोकळे होतो. जिद्द लागतेच; पण मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला तिच्याआधी लागते ती रोजची, कंटाळवाणी निगा. पायांची ताकद जाते एवढंच नाही. स्पर्श जातो, लघवी-शौचावरचा ताबा जातो आणि बसल्या जागी कातडी दबून जखम झाली तरी कळत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण मूत्रमार्गाच्या संसर्गाने, नाहीतर याच जखमा चिघळून एक-दोन वर्षांत दगावत. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी लावलेली शिस्त अगदी साधी होती: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायची, मूत्राशय वेळेवर रिकामं करायचं, आणि माणसाला खाटेवरून उठवून कामाला, खेळाला लावायचं. तिथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

शिस्त आजही तीच. कांदिवलीच्या वन-बीएचकेत ती पाळायची म्हणजे रात्री दोनचा गजर, मग चारचा. ठरल्या वेळी कॅथेटर, प्यायलेल्या पाण्याचा हिशेब, आरसा धरून माकडहाड आणि टाचा तपासणं. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायचं. (हे सगळं बहुतेक घरांत आई नाहीतर बायकोच्या वाट्याला येतं आणि तिला कुणी पदक देत नाही.) खुर्चीवरच्या गादीत काटकसर करू नये, एक जखम महिनोन्महिने पालथं झोपवते. हे सगळं अंगवळणी पडलं की मग नोकरी, पोहणं, लग्न, प्रवास या गोष्टींचं बोलता येतं.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन कॉलेजच्या वयात खुर्ची आली. त्यांना सावरलं ते स्वतः खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. पुढे हुरजूक यांनी सरकारी नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिलं. मुंबईत डॉ. केतना मेहता यांना १९९५ मध्ये पॅराग्लायडिंग करताना अपघात झाला. २००१ मध्ये त्यांनी अशाच रुग्णांसाठी ‘नीना फाउंडेशन’ सुरू केलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं, पण खुर्चीवर दहा वर्षं काढलेल्या माणसाने सांगितलं की धीर येतो. म्हणून अशा माणसाची गाठ इस्पितळातून घरी सोडण्याआधीच घालून द्यावी, असं मला वाटतं.

मग राहतो प्रश्न घराबाहेर पडण्याचा. २ एप्रिल २०२२ पासून कांदिवलीत मेट्रो धावते. स्थानकात लिफ्ट आहे, खुर्ची सरळ डब्यात जाते. लोकलला अपंगांचा डबा असला तरी फलाट आणि डबा यांमधली फट न् उंची खुर्चीला एकटीने ओलांडता येत नाही. पण स्टेशन फार पुढचं. जुन्या सोसायट्यांत लिफ्ट असते आणि लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या असतात! घरात न्हाणीघराचं दार दोन फुटांचं, खुर्ची त्याहून रुंद. पेटकर कुलाब्याच्या तलावात पोहले. इथल्या एखाद्या मुलाला तलावापर्यंत न्यायला रोज चौघांना हाका माराव्या लागतील.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट पुरतात. याहून चढा केला तर खुर्ची मागे उलटते, म्हणून जागा वाचवायला नुसता सिमेंटचा उतार थापू नका. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं भांडण सुरू होण्याआधी हा विषय मांडा आणि मंजूर करून घ्या.