अर्थसंकल्पात न दिसणारा सरकारी खर्च

सातबारा उताऱ्यावर खातेदाराच्या नावासोबत जमीन कोणत्या वर्गाची आहे, हेही नोंदलेले असते. 'भोगवटादार वर्ग-1' असेल तर जमीन विकायला सहसा कुणाला विचारावे लागत नाही. 'वर्ग-2' असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, अनेकदा नजराणाही भरावा लागतो. सिलिंगची वाटप झालेली जमीन, सरकारने भूमिहीनांना दिलेली जमीन, कित्येक ठिकाणची महार वतनाची जमीन या दुसऱ्या वर्गात मोडते. जमीन फसवून लुबाडली जाऊ नये म्हणून हे बंधन घातले गेले, हे खरे. पण परिणाम असा की, ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याचीच मालकी सर्वांत कच्ची राहिली. घरात आजारपण आले आणि दोन एकर विकायची वेळ आली, तर त्याला आधी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मालमत्तेचा हक्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंगले आणि कारखाने येतात. व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचार मात्र सातबाऱ्यापासून सुरू होतो. माणसाचे श्रम त्याचे, श्रमाचे फळ त्याचे आणि ते कुणाला, कधी, किती भावाला विकायचे हा निर्णयही त्याचाच, असे हा विचार मानतो. यातला विक्रीचा निर्णय काढून घेतला, तर मालकी कागदावरच उरते.

हक्क कसा पातळ झाला

मूळ राज्यघटनेत मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. जमीनदारी नष्ट करणारे कायदे न्यायालयात अडकू लागले, तेव्हा 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट आले. त्यात टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद झाली. सुरुवातीला त्यात 13 कायदे होते, पुढे ही संख्या 284 वर गेली. महाराष्ट्राचा 1961 चा सिलिंग कायदा त्यात आहे. 1976 मध्ये आवश्यक वस्तू कायदाही त्यात गेला, ज्याचा जमीनदारीशी काडीचा संबंध नव्हता. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढे सांगणारे कलम 300-अ तेवढे उरले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कोकणातल्या खोताचीही 'मालमत्ता'च होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, ते चूक होते का? कूळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या 'कृषक दिना'ला कसणारी कुळे मालक मानली गेली, तो अन्याय होता का? व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांमध्ये यावर खरेच दोन तट आहेत. काहींना कागदावरचा कोणताही हक्क पवित्र वाटतो. पण मरे रॉथबार्डसारख्या कडव्या विचारवंताने स्वच्छ म्हटले की, सत्तेच्या जोरावर मिळवलेली सरंजामी जमीन खरे तर कसणाऱ्याचीच असते. मला हेच पटते. खोताच्या सनदेपेक्षा कुळाचा घाम जुना होता. म्हणून कुळाला मालक करणे हा मालमत्तेच्या हक्काचा विजय होता. मालक झाल्यावर त्याच्या मालावर बंधने लादली, तिथे तो विजय अर्धवट राहिला.

आधी घ्यायचे, मग द्यायचे

7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या दिवसांत बाजारात लाल कांदा येतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने ठेवता येतो, लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्यामुळे लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला थांबायची सोयही नव्हती. भाव पडला आणि फरक त्याच्या खिशातून गेला.

शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यावा, असे सरकारला वाटू शकते. तो खर्च कोणत्या तिजोरीतून झाला, एवढाच माझा प्रश्न आहे. सरकारने बाजारभावाने कांदा विकत घेऊन स्वस्तात विकला असता, तर ती रक्कम अर्थसंकल्पात दिसली असती, तिच्यावर सभागृहात चर्चा झाली असती. निर्यातबंदीत तो खर्च शेतकऱ्याकडून परस्पर वसूल होतो आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

महाराष्ट्राने हे पूर्वीही पाहिले आहे. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालणे भाग पडले. शेजारच्या राज्यात भाव चांगला असला तरी सीमेवरच्या नाक्यावर गाडी अडवली जाई. स्वतःच पिकवलेला कापूस नेणारा शेतकरी चोर ठरत होता.

अशा धोरणांनी शेती तोट्यात गेली की कर्ज थकते आणि मग कर्जमाफी येते. 2008 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे 60 हजार कोटींची, 2017 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 34 हजार कोटींची घोषणा झाली. हा खर्च सगळ्यांना दिसतो आणि शेतकरी फुकटखाऊ ठरतो. शेतकरी संघटनेची घोषणा याच अपमानाला उत्तर होती: 'भीक नको, हवे घामाचे दाम'. संघटनेचे संस्थापक शरद जोशी 'उणे सबसिडी' हा शब्द वापरत, तो याच अर्थाने. सरकार देते त्यापेक्षा भाव पाडून घेते जास्त, असे त्यांचे म्हणणे होते.

निवडणूक की चळवळ?

हे बदलायचे कसे, यावर स्वातंत्र्यवाद्यांचे जगभर मतभेद आहेत. सत्ता मुळात कमी हवी म्हणणाऱ्याने सत्तेच्या शर्यतीत उतरावे का? भारतात राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने 1967 मध्ये लोकसभेत 44 जागा मिळवल्या आणि काही वर्षांतच तो विरून गेला. शरद जोशींनी आधी निवडणुकांपासून लांब राहण्याची भाषा केली, पण 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. मतांच्या हिशेबात पक्षाच्या हाती फारसे लागले नाही. 2004 ते 2010 या काळात ते राज्यसभेत होते. राजकीय पक्षांना समाजवादावर निष्ठेची शपथ सक्तीची करणारी तरतूद बदलावी, असे खासगी विधेयक त्यांनी मांडले. मार्च 2010 मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 असे मंजूर झाले, तो एकमेव विरोधी मतदार शरद जोशी होते.

निवडणुकीतल्या या अपयशामागचे कारण साधे आहे. कर्जमाफीची यादी गावच्या चावडीवर लागते, तिच्यात नावे असतात. न घातलेल्या निर्यातबंदीच्या लाभार्थ्यांची यादी कधीच लागत नाही. निवडणुकीत पहिलीला मते मिळतात, दुसरीला नाही.

म्हणून मला चांदवड आठवते. 1986 मध्ये तिथे झालेल्या शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनानंतर संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम हाती घेतली. शेतात राबणाऱ्या बायकोच्या नावावर नवऱ्याने आपखुशीने जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर कुटुंबांनी असे केले, ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. त्यासाठी ना नवा कायदा झाला, ना अनुदान आले. तरीही हजारो बायकांची नावे सातबाऱ्यावर लागली. एका जागेच्या निवडणुकीने जे झाले नसते, ते त्या चळवळीने केले.

तरीही कायदा बदलायला विधिमंडळ आणि न्यायालय टाळता येत नाही. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, मुंबईतल्या इमारत मालकांच्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असे बहुमताने सांगितले. एवढ्या एका वाक्यासाठी मालकांना 1992 पासून वाट पाहावी लागली.

शेतकऱ्याला इतकी वाट पाहायला लावू नये. वर्ग-2 च्या मूळ लाभार्थ्यांच्या वारसांना नजराण्याशिवाय पूर्ण मालकी द्यावी. आणि निर्यातबंदी किंवा साठ्यावर मर्यादा घालायचीच असेल, तर शेतकऱ्याचे किती नुकसान होईल याचा अंदाज त्याच अधिसूचनेत छापावा आणि तेवढी भरपाईची तरतूद त्याच दिवशी करावी. सरकारला घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजावे लागले, तर ते आपोआप कमी घेईल. मत मागायला येणारा उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, किती देणार हे विचारण्याआधी त्याला विचारा की काय घेणे थांबवणार.