भरतीची वेळ कॅलेंडरात, प्रवासाची आखणी यंत्रात

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन कोकणात जायचं ठरलं. बाबा 78 वर्षांचे, आई 71ची, त्यात तिचे गुडघे दुखतात. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, मग वेळास, दापोली, गुहागर, गणपतीपुळे. प्रवास पंधरा दिवसांवर आला होता, म्हणून एका रात्री मी हा सगळा बेत मराठीतच एका एआय चॅटबॉटला लिहून दिला. मिनिटाभरात चार दिवसांचा कार्यक्रम समोर आला. पहिला दिवस असा: सकाळी सहाला निघणे, अकराला हरिहरेश्वर, दर्शन, मग प्रदक्षिणा.

सकाळी बाबांनी तो कागद वाचला आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेतलं. त्यांचं लहानपण श्रीवर्धनला गेलं. "त्या दिवशी पौर्णिमा आहे," एवढंच म्हणाले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही प्रदक्षिणेला निघणार तेव्हा समुद्राला ऐन उधाण. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या चिरेतून पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या कातळावर जाते. भरतीत तो कातळ पाण्याखाली असतो, आणि तिथं लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत.

मी चॅटबॉटला फक्त "भरती-ओहोटी बघ" असं लिहिलं. लगेच त्याने प्रदक्षिणा संध्याकाळी साडेपाचला नेली, आणि ते बरोबर होतं. म्हणजे त्याला भरती माहीत होती. मग आधी का सुचली नाही?

या यंत्राची घडणच तशी आहे. प्रचंड मजकूर वाचून कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकलेलं असतं. हरिहरेश्वरच्या वर्णनांत दर्शन आणि प्रदक्षिणा शेजारी शेजारी येतात. पाणी किती वाजता चढतं हे सहसा कुणी लिहीत नाही, कारण गावातल्याला ते सांगावं लागत नाही. जे लिहिलंच गेलं नाही, ते यंत्राला आपणहून आठवणं कठीण.

उलट जे पुष्कळ लिहिलं गेलं आणि नंतर बदललं, ते त्याच्या डोक्यातून लवकर जात नाही. मुंबईची आत्या रेल्वेने रत्नागिरीला येऊन आम्हाला गाठणार होती. तिच्या तिकिटाचं विचारलं तर उत्तर आलं: आरक्षण 120 दिवस आधी उघडतं, ज्येष्ठ महिलांना भाड्यात निम्मी सवलत मिळते. दोन्ही गोष्टी एके काळी खऱ्या होत्या. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली आणि आगाऊ आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आली. पण जुना नियम सांगणारा मजकूर वर्षानुवर्षं साठलेला आहे, नव्याचा त्या मानाने थोडा. आता बरेच चॅटबॉट उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोध घेतात, तरी शोधात सापडलेलं पान जुनं असू शकतं. म्हणून भाडं, सवलत, वेळापत्रक, व्हिसा यांपैकी काहीही विचारलं की मी त्याला माहितीची तारीख आणि मूळ पान मागते, आणि ते पान स्वतः उघडून बघते.

कोकणातल्या खाड्यांनीही कार्यक्रमात अशीच अडचण केली. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा, शंभरेक किलोमीटर. दाभोळला गाडीसकट जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, चढून धोपाव्याला उतरलं की अंतर निम्म्यावर येतं. बागमांडला-वेशवी आणि तवसाळ-जयगड इथेही तशीच सोय आहे. माझ्या कार्यक्रमात वेळ जेटीची धरली होती आणि वाटेतली गावं मात्र वळशाच्या रस्त्यावरची होती. दोन्ही माहिती खरी, पण एका दिवसात शिवली की खोटी. अशी चूक वाचताना खटकत नाही, कारण भाषा सफाईदार असते. पेरूमध्ये तर काही पर्यटक चॅटबॉटने सांगितलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या दरीकडे ट्रेकला निघाले होते. अँडीजच्या उंचीवर अशी चूक जिवावर बेतू शकते.

तरीही मी ते वापरणं सोडलेलं नाही. आईचे गुडघे, बाबांचं पथ्य, दर दोन तासांनी थांबा, दुपारी तासभर आडवं होणं, हे सगळं एका वेळी धरून दिवस मांडणं मला कागदावर कधी जमलं नव्हतं. त्याने ते केलं. पायऱ्या कुठे कुठे आहेत हे यजमानांना विचारा, अशी आठवणही त्याने केली. बाबांसाठी पूर्ण कार्यक्रम सोप्या मराठीत लिहून दिला आणि मी तो मोठ्या अक्षरांत छापला.

बुकिंग मात्र मी स्वतः करते. आपल्या वतीने संकेतस्थळ उघडून फॉर्म भरणारी एआय साधनं आता आली आहेत. पण रेल्वेचं तत्काळ तिकीट जुलै 2025 पासून आधार-पडताळणी केलेल्या खात्यातून आणि ओटीपी देऊनच ऑनलाइन निघतं. यंत्रांनी तिकिटं उचलू नयेत हाच त्यामागचा उद्देश आहे. शिवाय चूक झाली तर भरपाई कुणी करायची? कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की आप्ताच्या निधनानंतरची भाडेसवलत प्रवास झाल्यावरही मागता येते. ते चुकीचं होतं. कंपनीने तर आपला चॅटबॉट त्याच्या उत्तरांना स्वतःच जबाबदार असल्यासारखा युक्तिवाद केला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तिथे चॅटबॉट निदान कंपनीचा होता. मी घरी बसून वापरते त्या चॅटबॉटच्या शब्दावर कोणता हॉटेलवाला पैसे परत देईल? आणखी एक खबरदारी: आधार क्रमांक, पासपोर्ट, पीएनआर मी त्याच्या खिडकीत टाकत नाही. विमानाचा पीएनआर आणि आडनाव हाती असलं की अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडून त्यात फेरफार करता येतात.

पैसे भरण्याआधी वेळासला फोन केला. तेव्हा कळलं की चॅटबॉटने सुचवलेला मुक्काम रायगडातल्या श्रीवर्धन तालुक्यातल्या वेळासचा होता. समुद्री कासवांची पिल्लं बघायला आम्हाला जायचं होतं ते वेळास खाडीपलीकडे, रत्नागिरीतल्या मंडणगड तालुक्यात. तिथल्या घरगुती मुक्कामाच्या काकांनी घरट्यांचे दिवस मोजून सांगितलं, "ताई, चार दिवस पुढे या. पिल्लं तेव्हा बाहेर पडतील बहुतेक."

मी बाबांकडे बघितलं. कालनिर्णय पुन्हा खाली आलं होतं.

"वद्य चतुर्थी," ते म्हणाले. "भरती तीनला, ओहोटी नवाला. अकराला पोचलो तर पाणी चढतीला लागलेलं असेल. आदल्या दिवशी निघू, हरिहरेश्वरला राहू आणि सकाळी प्रदक्षिणा उरकू."

मी ते तसंच्या तसं चॅटबॉटला लिहिलं आणि आत्याला फोन लावला, तिकीट अजून काढू नकोस म्हणून.